किलोकिलोचा हिशोब

इंदूरहून सुटणाऱ्या विमानात आम्ही माणसांचं वजन करत नाही. बॅगा काट्यावर जातात, माणसं नाही. माणसापोटी एक ठरलेलं सरासरी वजन धरायचं, मुलांचं वेगळं, तान्ह्या बाळाचं वेगळं, आणि त्यावरून लोडशीट, म्हणजे विमानातल्या एकूण वजनाचा आणि तोलाचा कागद, काढायची. बरीच वर्षं मी हेच काम केलं, लोड अँड ट्रिम. ए३२० निओ जातीचं विमान स्वतःसकट जास्तीत जास्त ७९ टन वजन घेऊन उडतं, त्यात शेवटच्या मिनिटाला दोन पॅसेंजर वाढले किंवा एखादी बॅग मागच्या होल्डमधून पुढे आणली तर कागदावर एक छोटी दुरुस्ती होते आणि विमान बिजासन टेकरीच्या बाजूने वर निघून जातं. आत बसलेल्यांना कधी कळतही नाही की खाली कुणीतरी त्यांच्या वजनाची बेरीज करत बसलं होतं.

आणि आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा रोज सकाळी डोंगरातल्या कुठल्यातरी गावात गवतावर काटा मांडतो आणि एकेका माणसाला त्यावर उभं करतो. म्हातारी, पोरं, पाठीवरच्या पिशवीसकट बायका, हातातली कोंबडी, सगळं. आकडे वहीत लिहितो, बेरीज करतो, आणि बेरीज जास्त झाली तर कुणालातरी सांगतो की तुम्ही आज नाही.

तो मिशनचा पायलट आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेल्या पापुआ न्यू गिनी या देशात, तिकडच्या एका मिशनच्या विमानसेवेत. मिशनरी पायलट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गळ्यात क्रूस, हातात बायबल आणि जंगलावरून झेपावणारं विमान असं काहीतरी येतं, म्हणून मला त्याचा खरा दिवस कसा असतो ते लिहायचंय. तो सुट्टीवर घरी आला की रात्री उशिरापर्यंत आमच्या गच्चीवर बसतो आणि मी त्याला आकडे विचारते, कारण माझं डोकं आकड्यातच चालतं, आणि तोही आकड्यातच बोलतो. देवाबद्दल तो माझ्याशी फार कमी बोललाय. किलोबद्दल रात्ररात्र बोललाय.

थोडं त्याच्या घराबद्दल. आजोबा अहमदनगरकडचे, तिथल्या जुन्या मराठी ख्रिस्ती घरातले, इंदूरला मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर इंदुरी हिंदी, चर्चमध्ये दोन्ही, आणि सकाळी पोहे-जलेबी, म्हणजे आमच्यासारखंच. नाताळची करंजी आमच्याकडे यायची, दिवाळीची त्यांच्याकडे जायची, दोन्हीत सारण एकच. त्याला विमानाचं वेड कुठून लागलं ते सांगायला नको, आम्ही राहायचोच एरोड्रम रोडला. इथल्याच फ्लाइंग क्लबमध्ये शिकला. बरोबरचे सगळे एअरलाइनकडे गेले, घरं झाली, गाड्या झाल्या. हा मात्र लायसन्स झाल्यावर परत शिकायलाच बसला, इंजिन खोलायचं, पंख्याचं पातं घासायचं, पत्र्याला रिव्हेट मारायचं. कारण अशा सेवेत पायलटला बहुतेक वेळा मेकॅनिकचं कामही यावं लागतं. जिथे विमान बंद पडेल तिथे गॅरेज नसतं. पगार म्हणाल तर चर्चमधून आणि ओळखीच्यांकडून दर महिन्याला वर्गणी गोळा होते, त्यातून त्याचा खर्च चालतो, आणि वर्षातून काही वेळा तो सगळ्यांना काय चाललंय ते पत्राने कळवतो. मावशींना याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटायचं, पायलट झाला आणि वर्गणीवर जगतो.

पापुआ न्यू गिनीचा नकाशा काढून बघा एकदा. राजधानी पोर्ट मोर्सबी, आणि तिथून बाकीच्या मोठ्या शहरांना जोडणारा रस्ताच नाही. मधे डोंगरांच्या रांगा, सगळ्यात उंच माउंट विल्हेल्म साडेचार हजार मीटरच्या वर. ८०० च्या वर भाषा, कारण एका दरीतला माणूस दुसऱ्या दरीत जाणार कसा? शेजारचं गाव समोरच्या डोंगरावर दिसत असतं, तिथला चुलीचा धूर दिसतो, आणि पोचायला दिवसभर उतरायचं, नदी पार करायची आणि दिवसभर चढायचं. विमानाने तेच अंतर काही मिनिटांचं. तिथल्या लोकांना विमान ही चैन वाटत नाही, चालत जायला नको म्हणून ते विमानाची वाट बघतात, आपल्याकडे डोंगरातल्या फाट्यावर लोक एसटीची बघतात तशी, सामान खाली ठेवून, कुणी बसलेलं, कुणी उभं, आणि येणार की नाही हे कुणालाच नक्की ठाऊक नाही.

दिवस अंधारातच सुरू होतो. डोंगरात सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या असतात, सूर्य चढला की धुकं वर येतं आणि फाटतं, मग काही तास आकाश मोकळं मिळतं, आणि दुपार झाली की कापसासारखे दिसणारे ढग डोंगरांच्या डोक्यावर वाढायला लागतात, पाऊस सुरू होतो आणि घाटातल्या वाटा एकेक करून बंद होतात. म्हणजे त्याच्याकडे काम करायला रोज सकाळची एक खिडकी. त्यातच सगळ्या फेऱ्या बसवायच्या. पहाटे तो रेडिओ घेऊन बसतो आणि गावागावातून हवा विचारतो. प्रत्येक स्ट्रिपवर, म्हणजे गावच्या छोट्या धावपट्टीवर, एखादा माणूस असतो, शिक्षक असेल, आरोग्य केंद्रातला असेल, पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू असेल, त्याला शिकवलेलं असतं काय बघायचं. समोरच्या डोंगराचा माथा दिसतोय का, दरीचं तोंड उघडं आहे का, गवत ओलं आहे का, वारा कुठून आहे. आणि तो म्हणतो की पहिली वर्षं यातच जातात, कुणाचं 'ठीक आहे' खरंच ठीक आणि कुणाचं 'ठीक आहे' म्हणजे विमान आलंच पाहिजे, हे ओळखण्यात. औषध संपलेलं असलं की माणसाला ढग कमी दिसतात. त्यात खोटेपणा नसतो, गरज असते. पण दरीत शिरल्यावर ती गरज उपयोगाची नसते.

मग लोडिंग. मी त्याला म्हटलं सगळं सांग, एकही वस्तू सोडू नकोस. तांदळाची पोती, मीठ, साबण, तेल, डबाबंद मासे, छपराचे पत्रे, खिळे, सोलरचे पॅनल, परीक्षेचे पेपर, लसींचा थंड डबा, शाळेची वह्यापुस्तकं, बायबलं, निवडणुकीच्या मतपेट्या, शवपेट्या. जाताना हे. येताना कॉफी. तिथल्या डोंगरात कॉफी चांगली होते पण ती बाजारात पोचवायला रस्ता नाही, म्हणून गावातला शेतकरी पोतं खांद्यावर घेऊन स्ट्रिपवर आणतो आणि विमानाने माउंट हेगन किंवा गोरोका या शहरांत पाठवतो. त्या पैशात शाळेची फी, मीठ, कपडे, सगळं बसवायचं.

आता माझा हिशोब. सेसना २०६, एक इंजिन, सहा सीट, उडताना विमान, पेट्रोल, पायलट सगळं धरून जास्तीत जास्त १,६३३ किलो. रिकामं विमानच टनाच्या आसपास. त्यात त्याचं स्वतःचं वजन, दोऱ्या, जाळी, सर्व्हायव्हलची पिशवी. उरतं त्यातून पेट्रोल. ते इंजिन तासाला साधारण ५५ ते ६० लिटर पितं, म्हणजे वजनात चाळीसेक किलो. आता बघा काय होतं. ढग आले तर दुसरीकडे वळायला, वाट बघत घिरट्या घालायला म्हणून त्याने एका तासाचं पेट्रोल जास्त घेतलं, की एक शाळकरी पोर खाली राहिलं. पेट्रोल कमी घेतलं की पोर बसलं, पण परतीची दरी बंद झाली तर दुसरी वाट बघायला वेळ उरत नाही. माझ्या ७९ टनात मला असा प्रश्न कधीच पडला नाही. माझ्याकडे जास्तीचं इंधन म्हणजे कागदावरची एक ओळ होती, त्याच्याकडे त्या ओळीला दोन पाय आहेत आणि ती काट्याशेजारी उभी आहे.

आणि हे सुद्धा सपाटीवरचं झालं. मे महिन्यात इंदूरला दुपारी पारा बेचाळीसवर गेला की हवा पातळ होते, विमानाला धावायला जास्त रनवे लागतो, हे आम्हाला माहीत असतं, पण आमचा रनवे लांब आणि समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम साडेअठराशे फूट. त्याच्या गावांची उंची पाच हजार, सहा हजार फूट. स्ट्रिप कुठे चारशे-पाचशे मीटर, गवताची, आणि उतारावर. म्हणजे उतरताना डोंगराच्या दिशेने चढावर उतरायचं, उडताना दरीच्या दिशेने उताराने सुटायचं, वारा कुठलाही असो. समोर डोंगर असल्यामुळे उतरायला येताना एक जागा अशी येते की तिथून पुढे वळून वर जाता येत नाही. त्या जागेच्या आधी ठरवायचं. स्ट्रिपवर डुक्कर आहे का, पोरं पळतायत का, वारा बदललाय का, हे सगळं त्या जागेच्या आधी बघून घ्यायचं. त्यानंतर उतरायचंच. प्रत्येक स्ट्रिपची ही जागा वेगळी आणि म्हणून नवीन पायलटला प्रत्येक स्ट्रिपसाठी वेगळी परवानगी मिळते, जुन्या पायलटबरोबर तिथे उतरून दाखवल्याशिवाय एकट्याला सोडत नाहीत. हवाईदलाचा वैमानिक असला तरी तेच, एअरलाइनचा कॅप्टन असला तरी तेच.

मला आधी वाटायचं की हे फार धाडसी काम. धाडस आहेच. पण त्याच्याशी बोलून बोलून माझं मत असं झालंय की या कामात सगळ्यात अवघड गोष्ट परत फिरणं ही आहे. दरीच्या तोंडाशी ढग खाली आलेला, पलीकडे दहा मिनिटांवर गाव, गावात लोक सकाळपासून बसलेले, विमानाचा आवाज त्यांना ऐकू आलेला, आणि हा वळतो. आवाज येतो आणि लांब जातो. खाली त्या लोकांना काय वाटत असेल, हे कळत असूनही तो वळतो. हे जमत नसेल त्याने या कामात येऊ नये, असं तो स्वच्छ म्हणतो. दया खूप असलेले लोक या कामात टिकत नाहीत असं नाही, पण दयेच्या हातात स्टिअरिंग देणारे टिकत नाहीत.

या कामाचा इतिहास वाचला तर तेच दिसतं. ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन नावाचे प्रेस्बिटेरियन पाळक होते, त्यांनी १९२८ च्या मे महिन्यात क्लॉनकरीहून उडत्या डॉक्टरची सेवा सुरू केली, क्वांटासकडून भाड्याने घेतलेलं एक विमान. पण विमान असून उपयोग काय, बोलावणार कसं? तेव्हा आल्फ्रेड ट्रेगरने पायाने पॅडल मारून चालणारा रेडिओ बनवला, वीज नसलेल्या घरातून बाईमाणूस बसून पॅडल मारत मदत मागू शकेल असा. मला तो रेडिओ विमानापेक्षा मोठा वाटतो. मग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात युद्धातून परतलेल्या वैमानिकांना वाटलं की जे शिकलो ते बॉम्ब टाकण्याशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरता येईल का, आणि त्यातून मिशन एव्हिएशन फेलोशिप उभी राहिली. अमेरिकेतल्या शाखेचं पहिलं उड्डाण १९४६ मध्ये एका बाईने केलं, बेटी ग्रीन, युद्धात अमेरिकेची विमानं इकडून तिकडे नेणाऱ्या महिला वैमानिकांपैकी एक. लाल रंगाचं वॅको जातीचं दोन पंखांचं विमान घेऊन ती मेक्सिकोला गेली. ब्रिटनहून जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग १९४८ मध्ये माइल्स जेमिनी नावाचं चिमुकलं विमान घेऊन आफ्रिकेत कुठे कुठे अशी सेवा लागेल ते बघायला निघाले. हेमिंग्ज युद्धात आपल्याकडे, कलकत्त्याला होते. बुरुंडीच्या डोंगरात त्यांचं विमान पडलं, दोघे वाचले, आणि परत जाऊन त्यांनी काम उभं केलं. पापुआ न्यू गिनीत १९५१ मध्ये हॅरी हार्टविग नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने ऑस्टर विमानाने सुरुवात केली आणि त्याच वर्षी त्याच डोंगरात अपघातात तो गेला. आज तिथे जे नियम आहेत ना, दुपारी अमुक वाजल्यानंतर अमुक दरीत जायचं नाही, इतकंच वजन, इतकीच ओली स्ट्रिप, त्यातल्या पुष्कळ नियमांमागे कुणीतरी गेलेलं आहे.

आता तो विषय, जो टाळला तर हा लेख अर्धा राहील. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो धर्मांतर. मी देवीची माणूस आहे, नवरात्रात बिजासनला जाते, आणि मी त्याला तोंडावर विचारलंय की तू तांदूळ नेतोस की येशू नेतोस? तो म्हणाला, "ताई, दोन्ही नेतो, पण तांदूळ घेणाऱ्याला दुसरं घ्यावं लागत नाही." पापुआ न्यू गिनीतले बहुतेक लोक आजोबा-पणजोबांपासून ख्रिस्तीच आहेत, त्यामुळे तिथे प्रश्न तसा नाही. पण इतिहासात सगळीकडे तसं नव्हतं. इक्वेडोरमध्ये नेट सेंट नावाचा फार हुशार वैमानिक होता, विमानातून लांब दोरीला बादली बांधून गोल गोल घिरट्या घालायच्या म्हणजे खाली बादली जवळजवळ एकाच जागी स्थिर राहते, ही युक्ती त्याची. त्या बादलीतून तो वाओरानी नावाच्या तिथल्या जंगलातल्या आदिवासींना भेटवस्तू सोडायचा. ८ जानेवारी १९५६ ला नदीकाठच्या वाळूवर त्याला आणि त्याच्या चार सोबत्यांना वाओरानींनी भाल्यांनी मारलं. जगभर त्यांना हुतात्मा म्हटलं गेलं. पुढे नेटची बहीणच त्या लोकांत जाऊन राहिली, त्यांच्यातलं खुनाखुनीचं चक्र थांबलं, हे खरं. पण लोक एका वस्तीत आणले गेले, तिथे १९६९ मध्ये पोलिओची साथ आली, आणि मागे मोकळ्या झालेल्या जंगलात तेल कंपन्या आल्या, हेही खरं. विमान जे नेतं ते सगळं चांगलंच असतं असं नाही. मला वाटतं की ज्यांनी विमान बोलावलं त्यांच्याकडे जाणं वेगळं आणि ज्यांनी बोलावलं नाही त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालणं वेगळं, आणि हा फरक मी सोडणार नाही. तो माझ्याशी यावर पूर्ण सहमत नाही. नेट सेंटचा फोटो त्याच्या खोलीत आहे. आम्ही यावर भांडलोय आणि परत भांडू.

पण कॉफीच्या पोत्यांची गोष्ट त्याने सांगितली तेव्हा भांडायला काही नव्हतं.

सकाळची दुसरी फेरी. एका गावातून कॉफी भरलेली, शेतकरी आणि त्याचा मुलगा बरोबर, जाळी बांधून झालेली. तेवढ्यात रेडिओवर दुसऱ्या गावातून आरोग्य सेविकेचा आवाज, बाळंतीण आहे, बाळ झालंय, वार पडलेली नाही, रक्त थांबत नाहीये. वार अडकून रक्त थांबलं नाही तर काही तासांत बाई जाऊ शकते, हे कुणालाही सांगायला नको. चालत दवाखाना दोन दिवस. त्याने जाळी सोडली, पोती एकेक करून गवतावर ठेवली. शेतकरी स्वतःच मदतीला लागला, त्याला कुणी काही समजावलं नाही. सीटा काढून फरशी मोकळी केली.

ते दुसरं गाव म्हणजे आखूड स्ट्रिप. तिथे पोचला तेव्हा ऊन चढलेलं, म्हणजे हवा आणखी पातळ, म्हणजे तिथून उडताना वजनाचा आकडा आणखी खाली. बाईला बांबू आणि ब्लँकेटच्या झोळीतून आणलेलं. ती काट्यावर उभी कशी राहणार? मग तिच्या भावाने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि तो काट्यावर उभा राहिला. आकडा लिहिला. तिला खाली निजवलं, तो एकटा परत उभा राहिला. आकडा लिहिला. वजाबाकी केली. ४३ किलो. तो म्हणाला, त्या भावाचे पाय थरथरत होते म्हणून काटा हलत होता, आणि मी त्याला दोनदा सांगितलं की स्थिर उभा राहा.

बाई, बाळ, सलाइनची बाटली धरायला आरोग्य सेविका, इतकं बसलं. सासू म्हणाली मी पण येणार, बाळाला कोण घेईल. आकड्यात ती बसत नव्हती. तिच्याऐवजी बाईची धाकटी बहीण बसली, बारकीशी पोर, तीस-बत्तीस किलोची. नवरा राहिला. सासूने विचारलं, मग मला कधी नेणार? मी त्याला विचारलं, तू काय सांगितलंस? तो म्हणाला, "पुढच्या फेरीत म्हणालो. कधी ते नाही सांगितलं. मलाच ठाऊक नव्हतं ना ताई, आणि ते लोक तारीख लक्षात ठेवतात."

बाई वाचली, बाळही. हे मी आधीच सांगते कारण पुढचं मला सांगायचंय ते वेगळं आहे. कॉफीची पोती त्या दिवशी गेली नाहीत. दुपारी ढग आले, दुसऱ्या दिवशी धुकं उठलंच नाही, मग विमान दुसरीकडे तपासणीसाठी लागलं, असं करत बरेच दिवस गेले. गावकऱ्यांनी पोती पत्र्याखाली ठेवली. शेतकऱ्याच्या मुलाची शाळेची फी त्या पोत्यांत होती आणि शाळेत नाव घालायची तारीख निघून गेली. त्या मुलाचं ते वर्ष गेलं. बाई वाचली याची गोष्ट चर्चच्या मंडळीला पाठवायच्या पत्रात येते, फोटो येतो, लोक देवाचे आभार मानतात आणि वर्गणी देतात. त्या मुलाची गोष्ट पत्रात येत नाही. मी त्याला म्हटलं, लिही की. तो म्हणाला, "लिहिली होती एकदा, लोकांना कळलं नाही मी काय सांगतोय ते." मला कळलं. लोडशीट करणाऱ्या कुणालाही कळेल. जे बसलं त्याचं वजन कागदावर येतं. जे ऑफलोड झालं ते कागदावरून जातं, पण ते कुठेतरी पडलेलं असतं, आणि त्याचा कुणीतरी मालक असतो.

दुपारनंतर विमान शेडमध्ये. चिखल धुवायचा, प्रोपेलरला खडे लागून पडलेल्या खाचा बघायच्या, टायर, ब्रेक, ऑइल, आणि ठरलेले तास झाले की पत्रे उघडून पूर्ण तपासणी. पेट्रोल हाताने पंप मारून ड्रममधून भरायचं, गाळून, कारण ड्रममध्ये पाणी उतरलेलं असू शकतं. ते पेट्रोल, अ‍ॅव्हगॅस, दिवसेंदिवस महाग आणि मिळायला अवघड, म्हणून बऱ्याच मिशन सेवा आता केरोसिनच्या जातीच्या इंधनावर चालणारी मोठी विमानं घेतात, सेसना कॅरव्हॅन किंवा कोडियाक. त्यात सामान दुप्पट-तिप्पट बसतं. पण ती किमतीला भारी, आणि अगदी छोट्या स्ट्रिपवर जुनं २०६ च बरं असं म्हणणारेही आहेत. संध्याकाळी वहीतले आकडे कंप्युटरवर चढवायचे, उद्याच्या फेऱ्या मांडायच्या, कोण किती दिवसांपासून थांबलंय ते बघायचं. बायको मुलांना घरीच शिकवते. रात्री वीज जाते. सगळं लवकर झोपतं.

मी मधे अलीराजपूरकडे गेले होते, एका लग्नाला. रस्ते आता चांगले झालेत, तरी आतल्या फळ्यातून, म्हणजे भिलांच्या वस्त्यांतून, मोठ्या दवाखान्यापर्यंत यायला अजून किती वेळ लागतो ते तिथल्या बायकांना विचारा. त्याच भागात आमखुटला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॅनडाहून डॉक्टर जॉन बुकॅनन आले आणि जंगलात दवाखाना घालून राहिले, विमान सोडा, तेव्हा धड गाडीवाट नव्हती. आपल्याकडे असं हवाई काम सरकारच करतं. अरुणाचलच्या डोंगरात हवाईदल वर्षानुवर्षं तांदूळ-मीठ नेतंय, आणि मध्य प्रदेशात २०२४ पासून सरकारी एअर अ‍ॅम्ब्युलन्स आहे, आयुष्मान कार्डवाल्यांना फुकट. मला वाटतं हे सरकारनेच करावं, वर्गणीवर आणि देवावर सोडू नये. आणि तोही हेच म्हणतो, म्हणजे त्याला हवंय की एक दिवस त्या दऱ्यांत रस्ता यावा आणि त्याची गरज संपावी. पण रस्ता येईपर्यंत कुणीतरी काटा घेऊन जायला हवं ना. इथे फ्लाइंग क्लबमधून दर वर्षी मुलं-मुली लायसन्स घेऊन बाहेर पडतात, सगळ्यांचं स्वप्न एअरलाइन, आणि त्यात काही वाईट नाही, मी आयुष्यभर एअरलाइनचाच पगार खाल्लाय. पण त्यांच्यापैकी एखादीला कुणी सांगितलेलंच नसतं की उडायची अशीही एक जागा आहे. धर्म बाजूला ठेवून सांगितलं तरी चालेल.

मावशी आता थकल्यात. मागच्या वेळी त्यांनी त्याला सरळच विचारलं, अजून किती वर्षं? तो पोह्यांवर शेव घालत म्हणाला, मेडिकल पास होतंय तोवर. मावशी म्हणाल्या, मग डोळे बिघडू देत तुझे, आणि लगेच स्वतःच जिभेला चावून क्रूस केला, आणि मी हसू दाबायला स्वयंपाकघरात गेले नाही, तिथेच त्यांचा हात धरून बसले, कारण त्यांच्या मनात खरंच तसं होतं आणि खरंच तसं नव्हतं.

परवा त्याचा मेसेज आला. त्या आखूड स्ट्रिपच्या वरच्या टोकाला पावसात दरड आलीये, स्ट्रिप बंद. गावातले लोक फावडी, टोपल्या घेऊन माती काढतायत, बाया-पोरं सगळी, कारण मशीन तिथे पोचणार विमानानेच आणि विमान उतरणार कुठे. झालं की पायलटांपैकी कुणीतरी आधी शेजारच्या गावात उतरून चालत जाईल, लांबी मोजेल, माती किती बसलीये ते बघेल. मग तिथल्या वजनाचा आकडा नव्याने ठरेल, बहुतेक आधीपेक्षा कमी. आणि त्यालाही परत दुसऱ्या पायलटबरोबर तिथे उतरून दाखवावं लागेल, तेव्हाच एकट्याने जाता येईल. मी विचारलं, आकडा किती धरशील? त्याने लिहिलं, माती बघितल्याशिवाय नाही सांगत.